मुराळ्याचं इंजिन

माझ्या गाडीचं इंजिन मला न विचारता काढून नेलं, याचा राग मला अजून आहे. लोक म्हणतात, इतकी वर्षं झाली, गाडी गेली, ती माणसंही गेली, आता सोड. का सोडू? ज्यांनी केलं त्यांना त्याचं एक दिवसही काही वाटलं नाही. मग कुणीतरी एकाने तरी ते लक्षात ठेवायला हवं, आणि ते काम माझ्याकडे आलं आहे.

गाडी माझी होती हे आधी सांगते, कारण पुढे सगळ्यांनी ती 'घरची गाडी' करून टाकली. ती घरची नव्हती. माझ्या लग्नात माहेरून आंदणात आलेली होती, पितळी हंडा, दोन पलंग आणि शिसवी पाटांच्या जोडीबरोबर. हंड्याला हात लावताना सासूबाई मला विचारायच्या. गाडीला हात लावताना कुणी विचारलं नाही.

माझे वडील पारनेरला ड्रायव्हर होते. इंग्रज गेले तेव्हा नगरच्या छावणीतला एक साहेब जाता जाता ही गाडी देऊन गेला. लांब नाकाची, कापडी हुडाची, दोन्ही अंगांना पाय ठेवायला फळ्या असलेली. वडिलांनी ती पारनेर, सुपा, नगर अशी सीटं भरून चालवली. आत बसणारे निम्मे आणि फळीवर लोंबणारे निम्मे. पुढे एसटी सुरू झाली आणि वडिलांचा धंदा बसला. गाडी गोठ्याच्या कडेला गेली, तिच्यावर कडबा रचला गेला आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. माझं सगळं लहानपण त्या गाडीतून अंडी काढण्यात गेलं.

मला भाऊ नाही, बहीण नाही. आमच्याकडे लग्न झालेल्या मुलीला माहेरी न्यायला माणूस यावा लागतो. त्याला मुराळी म्हणतात, आणि तो आला की 'मूळ आलं' म्हणतात. बहुतेक वेळा भाऊच येतो. मूळ न येता सून माहेरी निघाली तर ती भांडून निघाली असंच लोक धरून चालतात. माझं लग्न ठरलं तेव्हा आई हुंड्यासाठी रडली नाही, मानपानासाठी रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "हिला न्ह्यायाला कोन जाईल?" दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी गाडीवरचा कडबा उतरवायला घेतला.

लग्न वर्षभर लांब होतं. ते वर्ष आम्ही दोघांनी त्या गाडीत घालवलं. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. गंज मी खरवडला, पत्र्याला कानस मी लावली, सीटच्या स्प्रिंगांवर काथ्या मी भरला. वडिलांनी इंजिन उघडून सगळे व्हॉल्व्ह माझ्यापुढे ठेवले. काठीच्या टोकाला व्हॉल्व्ह धरायचा, खाली घासायची पेस्ट लावायची आणि दोन्ही तळव्यांत काठी मागेपुढे फिरवायची, ताक घुसळताना रवी फिरवतात तशी. मला त्याचा कंटाळा कधी आला नाही. माझ्या तळव्यांचे घट्टे पाहून आई म्हणाली होती की लग्नात मेंदी रंगायची नाही. रंगली नाहीच.

मग चालवायला शिकवलं, सुप्याच्या अलीकडच्या माळावर. माझी उंची बेताची, म्हणजे कुणी चांगलं माणूस असलं तर बेताची म्हणतं. पाय पेडलपर्यंत पुरेनात. वडिलांनी बाभळीचे तीन ठोकळे तासले आणि पेडलांना बोल्ट मारून बसवले. पाय घसरू नये म्हणून वर चामड्याची वादी ठोकली. सासरी निघताना सगळे माझ्या गळ्यात पडून रडत होते आणि वडील बॉनेटवर हात ठेवून उभे होते. मला म्हणाले, "ह्यो तुजा मुराळी. कुनाची वाट बघत बसू नको."

सासर राहुरीकडचं. कालव्याचं पाणी, ऊस, मोठं घर. तिथे गाडीचं कौतुक झालं. सासरे मागच्या सीटवर हात पसरून कारखान्याच्या मीटिंगला जायचे, पुढे धाकटे दीर चालवायचे. आणि दोन-अडीच महिन्यांनी एकदा मी डोक्यावर पदर घेऊन, नगरवरून, सुप्याला वळून पारनेरला जायची. एकटी. पहिल्यांदा निघाले तेव्हा वेशीपाशी पारावरची माणसं उठून उभी राहिली होती, जशी काही मिरवणूक चालली आहे. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमची सून म्हंजी डायवर हाय." त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे ज्याचं त्याने ठरवायचं.

सासऱ्यांना मात्र ते पहिल्यापासून खुपत होतं. ते वाईट नव्हते, असं लोक सांगतात. मी सांगत नाही. जेवायला आंदणातल्या शिसवी पाटावर बसायचे. त्याच्या चार कोपऱ्यांना पितळी फुलं होती. पहिला घास घेण्याआधी म्हणायचे, "मूळ न येता सुना जात्यात, असं आमच्यात न्हवतं." मी वाढत असायची. पाट आमचा, गाडी आमची, आणि वर हे ऐकायचं.

बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा पारनेरकडे विहिरी तळाला गेल्या. माझी आई खडी फोडायच्या कामावर जात होती. वडिलांची एक गाय होती, तिला घालायला काडी नव्हती. मी उसाच्या वाढ्यांच्या, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याच्या, पेंढ्या गाडीच्या दोन्ही फळ्यांवर बांधून नेऊ लागले. हिरव्या गवताची गंजी रस्त्याने पळतेय असं ते दिसत असणार. हे दोनतीनदा झालं आणि सासऱ्यांच्या तोंडची वाक्यं बदलली. "हितलं वाढं पारनेरला चाललं," ते म्हणायचे. ते वाढं आमच्या शेताच्या बांधावर कुजत पडायचं, हे मात्र कुणी म्हणत नव्हतं.

दुष्काळ सरला आणि पेट्रोल भडकलं. हे निमित्त. दिरांनी नगरला कुठे तरी ऐकलं की जुन्या गाड्यांत आता नवी डिझेल इंजिनं बसवतात. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. मी एकदाच बोलले. म्हणाले, "भाऊजी, इंजिनाला काही झालेलं नाही. ते मी आणि माझ्या वडिलांनी बांधलंय." दीर हसले. "वहिनी, तुमी कशाला डोक्याला ताप करून घेता," म्हणाले. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो वर्तमानपत्र वाचत होता, म्हणजे निदान तोंडापुढे तरी धरलं होतं.

पुढच्याच आठवड्यात दीर म्हणाले की हूड फाटला आहे, नगरला शिवून आणतो. हूड खरंच फाटला होता. मीच चावी दिली.

गाडी महिन्याने आली. आली म्हणजे आधी ऐकू आली. धडधड धडधड असा आवाज वेशीपासून येत होता, आणि मला वाटलं कुणाचा तरी ट्रॅक्टर आहे. गाडी अंगणात येऊन उभी राहिली तरी थरथरत होती. हूड फाटलेलाच होता. त्याला कुणी टाकासुद्धा घातला नव्हता. नवं डिझेल इंजिन जुन्या जागेत मावेना म्हणून बॉनेट मधोमध कापून वर पत्र्याचा उंचवटा जोडला होता, नाकावर गळू यावं तसा. सासऱ्यांनी नारळ फोडला. गल्लीतली सगळी माणसं गोळा झाली आणि माझ्या हातात आरतीचं ताट देण्यात आलं. मी ओवाळलं. एवढ्या माणसांत दुसरं काय करणार होते? ताट धरलेल्या हातांचं माझ्याशी काही नातं नव्हतं, एवढंच आठवतं.

माणसं पांगल्यावर मी आत बसले. सीट मागे सरकवून पक्की केली होती. क्लच ट्रकचा होता. मी दोन्ही पाय लावले तरी तो बोटभर दबेना. पुढचं वजन वाढल्याने स्टिअरिंग उभ्या गाडीत हलतही नव्हतं. आणि पेडलांवर ठोकळे नव्हते.

"भाऊजी, ठोकळे कुठे आहेत?"

"ती लाकडं व्हय? काढली. नव्या पेडलला बसत न्हवती."

"जुनं इंजिन कुठंय?"

"भंगारात घातलं वहिनी. कोन घेतंय आता तसलं."

त्या इंजिनातला प्रत्येक व्हॉल्व्ह माझ्या तळव्यांनी घासलेला होता. मी रागाने काही बोलणार तोवर सासरे ओट्यावरून म्हणाले, "बाईमानसाला चालवायचं कारनच काय म्हनतो मी. मूळ यीऊ दे, मग खुशाल जा." तेव्हा मला कळलं की डिझेल हे पेट्रोलसाठी नव्हतं. त्यांना मला थांबवायचं होतं आणि 'जाऊ नको' म्हणण्याचा वाईटपणा नको होता. तो वाईटपणा त्यांनी इंजिनाकडून करून घेतला.

ठोकळ्यांचं काय झालं ते मला भांडी घासताना कळलं. आम्ही न्हाणीतल्या बंबाची राख भांड्यांना वापरायचो. तव्यावर राख घेतली तर बोटाला काही टोचलं. बोल्ट होता. मी परातभर राख चाळली आणि सगळे बोल्ट काढले. बाभूळ चांगली जळते. आंघोळीचं पाणी चांगलं तापलं असणार. कुणाच्या आंघोळीचं, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर काहीही आलं असतं तरी मी त्या माणसाला बादलीने मारलं असतं. बोल्ट पदरात बांधले आणि तवा घासून पूर्ण केला.

नवऱ्याशी मी भांडले. तो म्हणाला, "झालं ते झालं. इंजिन काय परत येनार हाय का?" शहाणपण हे नेहमी नुकसान दुसऱ्याचं झालं की सुचतं. मी त्याला म्हणाले, "माझ्या गळ्यातल्या पुतळ्या वितळवल्या असत्या तर तुम्ही हेच म्हणाला असता का?" तो म्हणाला, "सोन्याची गोष्ट येगळी." मी त्यानंतर त्याच्याशी मीठ-मिरचीपुरतंच बोलत होते.

उन्हाळा गेला, नागपंचमी आली. गावातल्या सगळ्या सुनांना मुराळी आले. पोरी नव्या बांगड्या भरून निघाल्या. माझी गाडी दारात उभी होती आणि मी दारात उभी होते. कुणी तरी पारनेरला निरोप दिला असावा, कारण पंचमीच्या आधी दोन दिवस वडील आले. एसटीने. नगरला गाडी बदलून, स्टँडपासून गुडघा धरत चालत. लेकीला न्यायला बाप मूळ म्हणून येत नाही, तो भावाचा मान असतो. सासऱ्यांना हे माहीत होतं. त्यांनी वडिलांना ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "आता कसं, मूळ आलं. आता रीतीनं जाऊ द्या."

चहा झाल्यावर दीर म्हणाले, "पाव्हनं, गाडी बघा की." वडील उठले. त्यांनी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या पायांना हात लावून पाहिलं, खाली वाकून पुढच्या स्प्रिंगांचे पाटे पाहिले. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मला वाटलं, आता बोलतील. त्यांच्या हातची गाडी होती ती. वडील सरळ झाले, टोपी नीट केली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "चांगलं काम केलंय. लई चांगलं."

त्या क्षणी मला सासऱ्यांचा नाही, दिरांचा नाही, माझ्या वडिलांचा जितका राग आला तितका मला आयुष्यात कुणाचा आला नाही. मी आत गेले. स्वयंपाकघराच्या भिंतीला पाटांची जोडी टेकून ठेवली होती. सासऱ्यांचा पाट मी उचलला. पडवीतून करवत घेतली आणि अंगणात येऊन, सगळ्यांच्या देखत, पाट दगडावर ठेवून कापायला सुरुवात केली.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू काय करतीस?"

"ठोकळे करते."

"त्यो ह्यांचा पाट हाय."

"माझ्या आंदणातला आहे. मी कुणाला विचारू?"

शिसव कापायला फार कठीण, करवत अडकत होती. पाट दगडावरून सरकत होता. तेवढ्यात नवरा आला, खाली बसला आणि त्याने पाटाचं दुसरं टोक घट्ट धरलं. "हळू. बोट जाईल," म्हणाला. इंजिन काढून नेलं तेव्हा हे हात कुठे होते, असं माझ्या ओठांवर आलं. पण करवत चालू होती आणि टोक धरायला माणूस हवाच होता.

एकावर एक तुकडे जोडून तीन ठोकळे झाले. बाभळीच्या ठोकळ्यांपेक्षा जाड, कारण सीट मागे होती. जपून ठेवलेले बोल्ट आणले, राखेने काळे पडलेले. ते मारले आणि वरून दावं आवळलं. क्लचच्या ठोकळ्यावर एक पितळी फूल तसंच राहिलं. पाठीमागे मी गोधडीची घडी दिली. वडील ओट्यावरून उठून जवळ आले. मला वाटलं समजूत काढणार. ते वाकून म्हणाले, "गाठ खालनं मार. पाय अडकंल."

मी आत बसले, पाठ गोधडीला रेटली आणि दोन्ही पायांनी क्लचवर भार दिला. अंगातला सगळा जोर गेला, पण दबला. इंजिन तापवायचं हीटरचं बटण धरलं, सेल्फ मारला. धडधड सुरू झाली. "आबा, बसा," मी म्हणाले. वडील सासऱ्यांना रामराम करायला वळले. त्यांचा रामराम पुरा व्हायची वाट मी पाहिली नाही. ते चालत्या गाडीच्या फळीवर चढून आत आले, जशी त्यांची सीटं एके काळी चढायची.

नगरपर्यंत आम्ही बोललो नाही. बोलणं ऐकूही आलं नसतं. शिवाय माझे हात स्टिअरिंगशी झटत होते, गाडी सारखी डावीकडे ओढत होती. नगर सोडल्यावर चढ लागला, वेग कमी झाला, तेव्हा मी ओरडून विचारलं, "चांगलं काम झालंय का खरंच?"

"कशाचं चांगलं," वडील म्हणाले. "लई वाईट काम हाय. पाटं बसल्यात म्होरचं. म्हून वढतीया."

"मग तिथे हात जोडून काय सांगितलंत?"

ते रस्त्याकडे पाहत म्हणाले, "म्या चार शब्द बोलून माघारी येनार. तुला तितंच ऱ्हायचंय."

राग उतरला नाही, पण तो वडिलांवरून उठला आणि जिथला होता तिथे परत गेला. घरी पोचलो तेव्हा आई भाकरतुकडा ओवाळायला दारात आली आणि त्या आवाजाला बिचकून मागे सरली. मग तिने वडिलांना विचारलं, "आनलं का हिला?" वडील म्हणाले, "म्या न्ह्यायाला गेल्तो. आनलं तिनं मला."

पंचमी करून मी परत सासरी आले, त्याच गाडीने. पहिल्या रात्री जेवायला सासरे जमिनीवर बसले. जोडीतला दुसरा पाट भिंतीला होता, तो त्यांनी घेतला नाही. त्यानंतर ते रोज तसेच जमिनीवर बसले, आणि पाहुणे आले की मुद्दाम मधोमध बसायचे, म्हणजे कुणी तरी विचारावं. मी पाट पुढे केला नाही. रोज वाढलं, गरम वाढलं, मीठ कधी कमी पडू दिलं नाही आणि पाट दिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वडील गेले. ते पुन्हा कधी मूळ म्हणून आले नाहीत. तेवढी एकच खेप, आणि तीही हात जोडायला. पंचमी आली तेव्हा मी आईकडे जायला निघाले. अंगणात गाडीपाशी गेले तर सासरे ओट्यावर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा. आता तुजं मूळ कोन येनार? मूळ दारातच हाय म्हनायचं."

त्यांनी हे मायेने म्हटलं, असं घरातले सगळे अजून सांगतात. नणंद तर डोळ्यांना पदर लावते. परवानगी दिल्यासारखं म्हणाले ते. माझ्या वडिलांनी जे मला दिलं होतं आणि सासऱ्यांनी ज्याची भंगारात विल्हेवाट लावली, तेच त्यांनी वडील गेल्यावर मला दान दिल्यासारखं परत दिलं. मी गाडीत बसले, पाठ रेटली, पितळी फुलावर टाच ठेवून क्लच दाबला. पाय आता सरावले होते. हीटर धरला, सेल्फ मारला. ते इंजिन एरवी दहादा खोकायचं, पण त्या दिवशी एका दमात लागलं, आणि मला त्याचाही राग आला.